जबाबदारी कोणत्या खुर्चीची?

जुलै १९६३. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण झाले, पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही झाली. मग पोट दुखू लागले, ताप चढू लागला. दुसऱ्यांदा पोट उघडले तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेत आत राहिलेला टॉवेल सापडला. २४ जुलैला ती बाई गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. त्या निकालाची तारीख आहे २० फेब्रुवारी १९९६. मृत्यूनंतर जवळजवळ तेहतीस वर्षांनी.

‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे. त्याने दोन गोष्टी ठाम सांगितल्या. रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम काम नाही. ते खासगी संस्थाही करते. म्हणून ‘आम्ही सरकार आहोत, आमच्यावर दावा लागत नाही’ हा बचाव इथे टिकत नाही. आणि शासकीय रुग्णालयातल्या माणसांच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाला हे एकदा दिसले, की भरपाई राज्याने द्यायची. पोटात टॉवेल राहतो तेव्हा निष्काळजीपणाचा आणखी पुरावा मागण्याची गरज उरत नाही.

निकाल स्पष्ट आहे आणि तो आपल्याच राज्याविरुद्ध लागलेला आहे. तरीही सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर महाराष्ट्र पुन्हा पहिल्या प्रश्नावर येऊन थांबतो: जबाबदार कोण? चौकशी समिती बसते, निलंबने होतात, मदतीचा आकडा जाहीर होतो. पण ज्या रिकाम्या पदामुळे, न आलेल्या औषधामुळे किंवा मंजूर न झालेल्या खर्चामुळे ती वेळ आली, त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे कोणत्याही एका कायद्यात लिहिलेले नाही. आपल्या कायद्याला चुकलेला हात सापडतो. त्या हाताला एकटे सोडणारी खुर्ची सापडत नाही. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मला अत्यंत निकडीचा वाटतो.

कर्तव्य आहे, आणि ते लिहिलेले आहे

सरकारी आरोग्यसेवा ही सरकारची मेहेरबानी आहे, असे मानणारे लोक अजून पुष्कळ आहेत. रांगेत उभा असलेला रुग्णही अनेकदा तसेच मानतो. कायद्याची भूमिका वेगळी आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सहावी नोंद सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने यांची आहे. म्हणजे हे काम प्रथम राज्याचे. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने त्यात जिल्हा परिषदा आणि नगरपालिका यांना वाटेकरी केले. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवतो. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्याने त्याच्या आधारे थेट कोर्टात दाद मागता येत नाही. ती उणीव न्यायालयांनी अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कातून भरून काढली.

१९८९च्या परमानंद कटारा खटल्यामागची घटना सांगण्यासारखी आहे. गाडीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे ‘ही पोलीस केस आहे’ म्हणून त्याला घेतले नाही आणि वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवले. तो वाटेत गेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले काम; पोलिसांची कागदपत्रे नंतर.

त्याहून महत्त्वाचा निकाल आला मे १९९६ मध्ये, पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या याचिकेवर. जुलै १९९२ मध्ये मथुरापूर स्थानकात रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका माणसाला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तिथून कोलकात्याला. कोलकात्यात एकामागून एक मोठी सरकारी रुग्णालये. कुठे सोय नव्हती, कुठे खाट नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि सुमारे सतरा हजार रुपये खर्च आला. न्यायालयाने पंचवीस हजारांची भरपाई दिली. वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१चा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही, असे बजावले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रथमोपचाराची सोय, जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांची दर्जावाढ, कुठे खाट रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती यंत्रणा, पुरेशा रुग्णवाहिका अशा गोष्टींचा आराखडाही दिला. इतर राज्ये पक्षकार नसली तरी त्यांनी या दिशेने पावले टाकावीत, असेही म्हटले.

पुढे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गर्भवती आणि बाळंतिणींच्या शासकीय योजनांकडे हक्क म्हणून पाहिले आणि योजनेचा लाभ नाकारला गेलेल्या, बाळंतपणानंतर मरण पावलेल्या एका गरीब स्त्रीच्या कुटुंबाला भरपाई द्यायला लावली. म्हणजे तत्त्वांची टंचाई नाही. तीस वर्षांपूर्वीच ती पुरेशी झाली होती. अडचण सुरू होते ती या तत्त्वांना एखाद्या तालुक्याच्या गावात बजावायला गेल्यावर.

एक रुग्ण, अनेक मालक

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातली एखादी अडलेली बाई डोळ्यांसमोर आणा. पाड्यावरून रस्त्यापर्यंत झोळीतून, मग खोडाळ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, तिथून जव्हारचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथेही जमले नाही तर घाट ओलांडून नाशिकचे सिव्हिल. त्या भागातल्या माणसांना ही वाट पाठ आहे.

तिला वाटते, आपण ‘सरकारी दवाखान्यात’ जात आहोत. प्रत्यक्षात प्रत्येक थांब्यावर मालक बदलतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्याच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे; तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. जिल्हा ओलांडला की दुसरे शल्यचिकित्सक, दुसरे उपसंचालक. शासकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असेल तर तो वैद्यकीय शिक्षण विभाग, तिथे अधिष्ठाता. शहरातले रुग्णालय महापालिकेचे, तिथे आयुक्त आणि महापालिका अधिनियम. रुग्णवाहिका वेगळ्या कराराने चालते.

प्रत्येक थांब्यावर कागदावर एक ओळ लिहिली जाते: पुढील उपचारासाठी रेफर. ती ओळ लिहिली की त्या संस्थेची जबाबदारी कागदोपत्री संपते, आणि पुढच्या संस्थेची जबाबदारी रुग्ण दारात पोचल्याशिवाय सुरू होत नाही. मधले तास कोणाचेच नसतात. रुग्ण पाठवण्यापूर्वी पुढे फोन केला का, भूलतज्ज्ञ जागेवर आहे का, रक्त आहे का, हे पाहणे ज्याचे कायदेशीर कर्तव्य आहे असे एकही पद या साखळीत नाही. आई किंवा बाळ अनेकदा याच मधल्या तासांत हातचे जाते. खेतमजूर समितीच्या निकालाने रोग ओळखला होता तो हाच.

संस्था किती असाव्यात याची मानके आहेत. मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पाच हजारांना किंवा तीन हजारांना एक उपकेंद्र. प्रत्येक पातळीवर कोणते कर्मचारी, कोणती उपकरणे, कोणती औषधे हवीत हे सांगणारी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ पासून आहेत आणि २०१२ व २०२२ मध्ये सुधारली गेली आहेत. पण ती मार्गदर्शक आहेत. ती मोडली तर कोणत्याही पदावर काहीही परिणाम होत नाही. खासगी रुग्णालयांसाठी राज्यात शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ आहे. त्याखाली नोंदणी, तपासणी, नोंदणी रद्द करणे हे सगळे आहे. त्याच अधिनियमाने शासनाची आणि स्थानिक संस्थांची रुग्णालये आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. गरीब माणूस ज्या दवाखान्यात जातो, तो दवाखाना किमान पात्रतेचा आहे की नाही हे बाहेरून तपासणारा कायदाच नाही.

शेवटचा हात

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशीच अकरा रुग्ण गेले. दोन्ही ठिकाणी वरिष्ठ निलंबित झाले हे खरे. पण फौजदारी गुन्हे आणि अटका यांचा पहिला वार पडला तो त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या परिचारिकांवर आणि कनिष्ठ डॉक्टरवर. कोणी आपल्या कामात हयगय केली असेल तर तिची शिक्षा झालीच पाहिजे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण इमारतीची वीजजोडणी परिचारिका करत नाही. अग्निशमन यंत्रणेचे अंदाजपत्रक ती मंजूर करत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. जिल्हा रुग्णालयाचा मालक कोण? वापर शल्यचिकित्सकांचा, देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाची, निधी मंत्रालयाचा. तिघांत वाटली गेलेली जबाबदारी संकटाच्या रात्री एकाच्याही हाती सापडत नाही. हाती सापडते ती परिचारिका.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात बालके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील रुग्णालयात एका दिवसात अठरा मृत्यू झाले होते. नांदेडला एका खासदारांनी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर शौचालय साफ करायला लावले. लोकांचा संताप खरा होता, पण त्या दृश्याने तो चुकीच्या दिशेने वळवला. मंजूर पदे भरणे, औषधांची खरेदी वेळेवर होणे, ही अधिष्ठात्यांच्या एकट्याच्या हातातली गोष्ट नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण स्वतःहून दाखल करून घेतले आणि शासनाकडे रिक्त पदे, खरेदी व तरतूद यांचा हिशेब मागितला, तेव्हा प्रश्न योग्य जागी पोचला. औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा त्याच वर्षी, म्हणजे या घटनेआधीच झाला होता. कायदा झाला होता. औषधाची बाटली खाटेपर्यंत पोचवण्याची मुदत मात्र कोणाच्या नावावर नव्हती.

फौजदारी कायद्याची रचना हा असमतोल वाढवते. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांवर फौजदारी खटला भरण्यापूर्वी घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे आणि स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले पाहिजे, असा संरक्षक कठडा घातला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली आणि नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांपर्यंत ठेवली. पण तिथली व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालच्या पदवीपुरती आहे. परिचारिका त्यात बसत नाही. राज्यातल्या कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भार ज्यांच्यावर आहे ते आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारीही त्यात बसत नाहीत. सर्वांत दूरच्या गावात, सर्वांत अपुऱ्या साधनांत काम करणाऱ्यांनाच कायद्याने सर्वांत मोठी शिक्षा ठेवली आहे.

फक्त शेवटचा हात पाहणारी ही दृष्टी जुनी आहे. वैद्यकीय कर्तव्याचा आपला पायाभूत निकाल १९६८चा, पुण्याच्या एका शल्यविशारदाविरुद्धचा. त्या खटल्याची सुरुवात झाली मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर. मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला गावच्या डॉक्टरांनी हाताशी असलेल्या लाकडी पट्ट्या बांधून दिल्या, आणि पुढे सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणावे लागले. पुण्यात उपचारांदरम्यान तो गेला. डॉक्टरने रुग्णाला हात लावला की कोणती काळजी घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे, हे त्या निकालाने उत्तम रीतीने मांडले. त्या दोनशे मैलांवर मात्र कोणी दावा लावला नव्हता. तो आजही लावता येत नाही.

ठेकेदार आला म्हणून कर्तव्य जात नाही

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि श्वासासाठी त्या नळीवर अवलंबून असलेले बावीस रुग्ण गेले. टाकी पुरवणे आणि तिची देखभाल करणे हे कंत्राटी काम होते. आज सफाई, सुरक्षा, आहार, तपासण्या, डायलिसिस, रुग्णवाहिका, आणि डॉक्टर-परिचारिकांच्या नेमणुकासुद्धा मोठ्या प्रमाणावर कंत्राटावर आहेत. कंत्राट वाईटच असते असे मी म्हणत नाही. पण रुग्णाने करार केलेला नसतो. तो दवाखान्याच्या पाटीवर विश्वास ठेवून आत आलेला असतो. पाटी ज्याची, कर्तव्य त्याचे, ही गोष्ट प्रत्येक निविदेत पहिल्या कलमात लिहिली गेली पाहिजे. ठेकेदाराकडून नुकसान वसूल करायचे असेल तर शासनाने करावे. रुग्णाच्या घरच्यांना त्या भांडणात ओढू नये.

दाद कुठे मागायची?

समजा, कुटुंबाने ठरवले की न्याय मागायचा. वाटा तीन. दिवाणी दावा, ज्याचा वेग आपण औरंगाबादच्या खटल्यात पाहिला. उच्च न्यायालयात रिट, ज्यासाठी मोखाड्याहून मुंबई गाठावी लागते. आणि ग्राहक आयोग, जो तुलनेने स्वस्त आणि जवळचा.

ग्राहक आयोगाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९५चा व्ही. पी. शांता निकाल आजही मोजपट्टी आहे. काही रुग्णांकडून पैसे घेणारे आणि काहींना मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्यात येते. तिथला मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. पण सर्वांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय त्या कायद्याबाहेर राहते. नोंदणीचे नाममात्र शुल्क किंवा आपण भरलेला कर यांना मोबदला मानले जात नाही. आता महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत उपचार मोफत केले. निर्णय अतिशय चांगला आहे. केसपेपरच्या पैशांसाठीही थबकणारी माणसे मी पाहिली आहेत. पण शांता निकालाचा तर्क जसाच्या तसा लावला, तर याच चांगल्या निर्णयाने गरीब रुग्णाच्या हातातली सर्वांत जवळची दाद काढून घेतली जाते. उपचार मोफत करताना तक्रारीची पर्यायी जागा उभारणे हे शासनाचे काम होते. ते राहून गेले.

दाद मिळत नाही तेव्हा राग हातघाईवर येतो. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई त्यात आहे. तो असायलाच हवा. पण ज्या समाजात मृत्यूचे कारण विचारायला एकही विश्वासाची खिडकी नाही, तिथे नुसत्या शिक्षेने डॉक्टर सुरक्षित होत नाही.

धडे आपल्याच कायद्यांत आहेत

हे सगळे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल, तर आपल्याच कायद्यांकडे बोट दाखवतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम १८ प्रत्येक व्यक्तीला शासनाच्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा, असे तिथे लिहिले आहे. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये धान्य मिळाले नाही तर अन्नसुरक्षा भत्ता आहे. बलात्कार आणि ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांना प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, तत्काळ मोफत उपचार द्यायचे आहेत; नाकारले तर रुग्णालयाच्या प्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे सेवा दिली नाही तर काय, याचे उत्तर कायद्यात लिहिता येते. जिथे इच्छा होती तिथे आपण ते लिहिले.

सर्वांत बोलके उदाहरण आहे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. त्यात अधिसूचित केलेल्या सेवेसाठी मुदत ठरलेली असते, पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, पहिले आणि दुसरे अपील कोणाकडे हे ठरलेले असते, आणि विनाकारण उशीर केला तर पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड त्या अधिकाऱ्याला होऊ शकतो. त्या यादीत मुख्यतः दाखले, परवाने आणि नोंदी आहेत. दाखल्यासाठी जी शिस्त आपण दहा वर्षांपूर्वी लावली, ती अडलेल्या बाईसाठी अजून लावलेली नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. खासगी डॉक्टरांचा मोठा संप झाला, कारण तातडीच्या उपचाराचा बोजा आपल्यावर येईल आणि पैसे कोण देईल, ही त्यांची भीती होती. त्यातून घ्यायचा धडा असा, की कायद्याची सुरुवात शासनाने स्वतःच्या दवाखान्यांपासून करावी.

कसा हवा कायदा?

माझ्या मते महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यसेवा उत्तरदायित्व कायद्यात पाच गोष्टी असाव्यात.

पहिली, किमान सेवांची यादी. उपकेंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत प्रत्येक पातळीवर कोणती सेवा कोणत्या वेळेत मिळेल, हे अनुसूचीत लिहावे. आज मार्गदर्शक असलेली मानके टप्प्याटप्प्याने बंधनकारक व्हावीत आणि जी सेवा जिल्ह्यात नसेल तिचा खर्च मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे शासनाने उचलावा.

दुसरी, प्रत्येक उणिवेमागे एक पद. पद रिक्त राहिले तर कोण उत्तर देणार, औषध संपले तर कोण, अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र नसेल तर कोण. ही पदे तालुक्यापासून सचिवांपर्यंत नावानिशी प्रसिद्ध व्हावीत.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: कमतरतेची लेखी नोंद. वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा परिचारिकेने ‘माझ्याकडे हे नाही, त्यामुळे अमुक धोका आहे’ असे वर कळवले, की त्या क्षणापासून त्या धोक्याची जबाबदारी कळवणाऱ्याची न राहता ज्याला कळवले त्याची व्हावी. ठरलेल्या मुदतीत त्याने उणीव भरावी किंवा लेखी कारणांसह आणखी वर पाठवावी. आज कनिष्ठ माणूस असे पत्र लिहायला घाबरतो. कायद्याने त्या पत्राला संरक्षण दिले तर तेच पत्र व्यवस्थेचे डोळे होईल.

चौथी, पाठवणारा आणि घेणारा यांची सामाईक जबाबदारी. रुग्ण पुढच्या डॉक्टरच्या ताब्यात जाईपर्यंत तो आधीच्या संस्थेचा रुग्ण राहील. पाठवण्यापूर्वी पुढच्या संस्थेची नोंदवलेली संमती घेणे बंधनकारक असेल, आणि मालक कोणताही असो, संमती नाकारण्याची कारणे लेखी द्यावी लागतील.

पाचवी, दोष शोधण्यापूर्वी दिलासा. सरकारी संस्थेत टाळता येण्याजोगा मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर कोणाचा गुन्हा हे सिद्ध होण्याची वाट न पाहता जिल्हा पातळीवरच्या स्वतंत्र मंडळाने ठरावीक मुदतीत भरपाई द्यावी. त्या मंडळात शासनाबाहेरचा डॉक्टर, न्यायिक अधिकारी आणि लोकप्रतिनिधी नसलेले नागरिक असावेत. त्याचा निष्कर्ष नाव-गाव वगळून प्रसिद्ध व्हावा, म्हणजे भंडाऱ्याचा धडा नगरला पोचेल.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावी, असे उद्दिष्ट ठेवले होते. महाराष्ट्र त्याच्या बराच मागे आहे. पैसा नाही ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच नाकारली आहे, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेच्या राज्याने ती सांगू नये. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: आणखी एक कायदा, आणखी एक भीती. त्यांना सांगायचे ते हे, की आज तुम्ही एकटे उभे आहात. वरच्या पदाला उत्तर द्यावे लागले तरच तुमच्यावरचा भार कमी होईल. वाईट व्यवस्थेत चांगला डॉक्टर आधी थकतो, मग बदली मागतो, मग राजीनामा देतो. मेळघाटातल्या बालमृत्यूंवरच्या याचिका १९९० च्या दशकापासून उच्च न्यायालयात येत आहेत. न्यायालयाने वारंवार आदेश दिले, विशेषज्ञ पाठवा म्हणून सांगितले. आदेशाने माणूस काही दिवस जातो; टिकतो तो फक्त चालत्या व्यवस्थेत.

कायदा येईपर्यंत

कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांतल्या गावकऱ्यांनी उपकेंद्राची, आरोग्य केंद्राची प्रगतिपुस्तके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवली. औषधे बाहेरून आणायला लावणे, गाडीचे पैसे मागणे, डॉक्टर मुक्कामी न राहणे या गोष्टी तिथे नावानिशी नाही, पण जागेनिशी मांडल्या गेल्या आणि पुष्कळ ठिकाणी सुधारल्याही. साध्या माणसांनी पद ओळखून प्रश्न विचारला की यंत्रणा हलते, हा अनुभव आपल्या मातीतला आहे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणती औषधे संपलेली आहेत, अग्निसुरक्षेचे शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागा. ग्रामसभेत ठराव करा आणि ठरावात व्यक्तीचे नाव न लिहिता पदाचे नाव लिहा. परिचारिकेवर आवाज चढवण्याआधी तिच्याकडे काय नाही ते विचारा आणि ते लेखी मागा. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला नवी इमारत कधी, हे विचारू नका. भूलतज्ज्ञ कधी, आणि तो नसेल तर उत्तर कोण देणार, हे विचारा.

सरकारी दवाखाना हा राज्याने नागरिकाला दिलेला शब्द आहे, आणि न्यायालयांनी तो कायदेशीर शब्द ठरवला आहे. तो पाळणाऱ्या प्रत्येक खुर्चीवर पद, मुदत आणि परिणाम लिहिणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने करावा. त्यासाठी नव्या समितीची गरज नाही. लागणाऱ्या बऱ्याच तरतुदींचा आधार आपल्या कोणत्या ना कोणत्या कायद्यात आधीच लिहिलेला किंवा कोर्टाने आधीच सांगितलेला आहे.